आपली पट्टी आपणच ठरवायची

मैत्रिणींनो, माठ घेताना आपण बोटाने टिचकी मारून आवाज ऐकतो. नारळ कानाशी धरून हलवून बघतो. साडीचा पदर पूर्ण उलगडल्याशिवाय दुकानदाराला 'बांधा' म्हणत नाही. पण गाण्याचं वाद्य घ्यायची वेळ आली, की आपण दोन पावलं मागे सरतो. 'त्यातलं पुरुषमंडळींना कळतं' असं म्हणून मोकळ्या होतो. खरं तर कान आपल्यालाही आहेत, आणि रोज टिचक्या मारून ते चांगले तयार झालेले असतात.

हे सगळं आठवायचं कारण आमचं भजनी मंडळ. भोर आणि वेल्हे या दोन्ही भागांतल्या आम्ही बायका बचत गटामुळे एकत्र आलो. (वेल्हे तालुक्याचं नाव आता राजगड झालंय, पण आमच्या तोंडी अजून वेल्हेच बसलंय.) हिशोबाच्या वह्या मिटल्या की एक-दोन अभंग व्हायचे. त्यातून मंडळ उभं राहिलं. नवरात्रात, रामनवमीला, कुणाच्या घरी सत्यनारायण असला की बोलावणी येऊ लागली. थोडे पैसे साठले आणि प्रश्न पडला, या पैशांचं करायचं काय? एकसारख्या साड्या, सतरंज्या, की वाद्य? साड्यांच्या बाजूने बरीच मतं होती, हे लपवत नाही. पण शेवटी वाद्य ठरलं, आणि तेही तंबोरा.

तंबोराच का?

कारण गाणाऱ्या बाईची खरी अडचण पट्टीची असते. गावोगावच्या भजनात पेटी बहुतेक वेळा पुरुष वाजवतो आणि त्याच्या गळ्याला सोपी पडेल अशी काळी एक किंवा पांढरी दोन धरतो. आपण त्याच पट्टीत गायचं म्हटलं तर खालच्या सप्तकात आवाज पोटात जातो, वरच्या सप्तकात अंतरा आला की किंचाळी होते. मग 'बायकांना वरचा सूर लागत नाही' असा शिक्का बसतो. सूर न लागायला काय झालं! सूर लागतो, पट्टी आपली नसते. शास्त्रीय गाणाऱ्या स्त्रियांचा 'सा' साधारणपणे काळी चार, काळी पाचच्या आसपास असतो. कुणाचा त्याहून खाली, पांढरी चारलाही असतो. पुरुषाच्या पट्टीपेक्षा हा हिशोबच वेगळा.

तंबोरा चाल वाजवत नाही. तो फक्त 'सा' धरून बसतो. पण तो 'सा' कुणाचा, हे ज्याने तंबोरा लावला तो ठरवतो. म्हणून आम्हाला तंबोरा हवा होता.

मिरजेची वाट

तंबोरा म्हटलं की मिरज. सांगली जिल्ह्यातल्या या गावात तंतुवाद्यं बनवण्याची कला दीडशेहून जास्त वर्षं नांदते आहे. मुळात ही घराणी शिकलगारांची, म्हणजे तलवारी-भाल्यांना धार लावणाऱ्यांची. लढाया संपल्या, हत्यारांना गिऱ्हाईक उरलं नाही. पटवर्धनांच्या मिरज संस्थानात गाण्याबजावण्याला आश्रय होता, गवई येत-जात, त्यांची वाद्यं मोडत-बिघडत. ती दुरुस्त करता करता फरीदसाहेबांनी एकोणिसाव्या शतकाच्या मध्यात स्वतःच वाद्यं घडवायला सुरुवात केली आणि शिकलगारांचे सतारमेकर झाले. आज मिरजेत सतारमेकर गल्लीच आहे. 2024 साली मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं. पैठणीसारखंच हेही आता आपल्या मातीचं नाव लावून मिरवतं.

आणखी एका कारणाने मिरज आपली वाटावी. किराणा घराण्याचे उस्ताद अब्दुल करीम खाँ याच गावात राहिले. 1937 साली ते गेले, त्यांची समाधी तिथल्या मीरासाहेब दर्ग्याच्या आवारात आहे. त्यांची मुलगी हिराबाई बडोदेकर. स्त्रीने तिकीट लावून, रंगमंचावर मानाने बसून गायची वाट ज्यांनी घालून दिली, त्यांत हिराबाईंचं नाव पहिल्या रांगेत घेतलं जातं.

आम्ही चौघी निघालो. भोरहून कापूरहोळला हायवे गाठायचा, पुढे सातारा, कऱ्हाड, आणि तिथून सांगली-मिरज. डबे बरोबर होतेच.

भोपळा, दांडी आणि घोडी

तंबोऱ्याचा भोपळा आपल्या भाजीतला नव्हे. तो कडू भोपळा. सोलापूर जिल्ह्यात पंढरपूर, मंगळवेढा या भागात भीमेच्या काठाला तो मुद्दाम वाद्यांसाठी पिकवतात. वाळवून, कापून, पाण्यात भिजवून, आतून काठ्यांचा ताण देऊन त्याला आकार देतात. लहान तंबोऱ्याचा भोपळा आणि मोठ्या तंबोऱ्याचा भोपळा वेलीवरच वेगळा ठरलेला असतो. इथे निसर्गाची मर्जी चालते. हवा तेवढा मोठा आणि गोल भोपळा दर वर्षी मिळेलच असं नाही.

भोपळ्याच्या तोंडावर लाकडाची पातळ तबली बसते. तिला टिचकी मारली की माठासारखाच अंदाज येतो. भोपळा आणि दांडी यांना जोडणारा भाग म्हणजे गुलू. दांडी लाकडाची आणि आतून पोकळ. लाकूड बहुधा तूण, वजनाला हलकं. दांडी बघायची ती बंदूक धरल्यासारखी, एका टोकाला डोळा लावून. सरळ आहे ना? कुठे पीळ पडलाय का? चार तारांचा ताण ती वर्षानुवर्षं सोसणार असते. ओलं लाकूड असेल तर पुढे वाकणार. म्हणून मुरलेलं लाकूड मागायचं, जसं आपण मुरलेलं लोणचं मागतो.

चार तारांपैकी पहिली पंचमाला लावतात, मधल्या दोन जोडीच्या तारा 'सा'ला, आणि चौथी खर्जाची, खालच्या 'सा'ला. खर्जाची तार पितळेची, जोडीच्या पोलादाच्या.

आता सगळ्यात महत्त्वाचं, ते म्हणजे घोडी. तबलीवर असलेला हा छोटा पाट. त्यावरून तारा जातात. घोडीचा माथा अगदी सपाट नसतो, त्याला नखाएवढा उतार असतो. तार हलते तेव्हा त्या उतारावर पुन्हा पुन्हा टेकते आणि तो झणकार उठतो. याचंच नाव जवारी. तारेखाली सुताचा एक दोरा सरकवतात. दोरा केसभर पुढे-मागे केला की एका जागी तार एकदम 'उघडते'. आधी टणटण करणारी तार अचानक गुणगुणायला लागते. आम्ही चौघीही त्या क्षणी एकमेकींकडे बघून हसलो. कुणी समजावून सांगायची गरजच पडली नाही.

सर सी. व्ही. रामन यांनाही या घोडीने विचार करायला लावलं होतं. 1921 साली त्यांनी वीणा आणि तंबोऱ्यावर एक शोधनिबंध लिहिला. तार जिथे छेडली, तिथे ज्या उपस्वरांची कंपनं शून्य असतात ते उपस्वर ऐकू येऊ नयेत, असा विज्ञानाचा नियम. तंबोऱ्यात मात्र तेही ऐकू येतात, आणि हे त्या उताराच्या घोडीमुळे होतं, हे त्यांनी दाखवून दिलं. अक्षर न वाचलेल्या कारागिराच्या कानसेने जे पिढ्यान्‌पिढ्या जपलं, ते पुढे शास्त्राच्या पुस्तकात गेलं.

खुली की गोल?

इथे आमच्यात मतभेद झाले. खुली जवारी म्हणजे आवाज चकचकीत, झणझणीत. बंद किंवा गोल जवारी म्हणजे आवाज मऊ, आत वळलेला. दुकानात खुली जवारी लगेच आवडते, कारण ती कानावर येऊन आदळते. पण दोन तास गायचं असेल तर तीच डोकं उठवते. आमच्यातल्या एकीने बरोबर सांगितलं, 'दुकानातल्या दिव्यात साडी झगमगते, घरच्या उजेडात बघा.' मग आम्ही दुकानाच्या बाहेरच्या ओट्यावर बसून तंबोरे ऐकले. एकीने छेडायचा, दुसरीने गायचं, बाकीच्या दोघींनी दहा पावलं लांब उभं राहायचं. अशा रीतीने तीन तंबोरे ऐकले आणि चित्र स्पष्ट झालं. जो जवळून सर्वांत मोठा वाटला, तो लांबून पातळ ऐकू येत होता.

गंमत म्हणजे अशीच चर्चा मी आमच्या शेजारच्या घरात ऐकलेली. त्या घरातला मुलगा पुण्याला कॉलेजला आहे आणि बेस गिटार वाजवतो. त्याचे मित्र आले की तासन्‌तास हेच चालतं, याची मान रुंद, त्याची मान बारीक, याचा आवाज गोल, त्याचा टोकदार. मिरजेहून आल्यावर मी त्याला बसवून सगळं विचारून घेतलं. बेस गिटार म्हणजे चार जाड तारांची गिटार. ती सहसा गाण्याची मुख्य चाल वाजवत नाही, खालचा सूर धरून ठेवते. तिची सर्वांत खालची तार सेकंदाला सुमारे 41 वेळा कंप पावते, आपल्या तंबोऱ्याच्या खर्जापेक्षाही खाली. अमेरिकेत लिओ फेंडर यांनी 1951 साली 'प्रिसिजन बेस' बाजारात आणला, तेव्हापासून उभ्या, माणसाएवढ्या बेसची जागा या वाद्याने घ्यायला सुरुवात केली. 1960 साली त्यांचाच 'जॅझ बेस' आला. पहिल्याची मान वरच्या टोकाला साधारण 44 मिलिमीटर रुंद, दुसऱ्याची साधारण 38. सहा मिलिमीटरचाच फरक, पण लहान पंजाच्या मुलीला विचारा! तारेची लांबीही बघायची असते. नेहमीच्या बेसची 34 इंच, पण 30 इंचांचे आखूड बेसही मिळतात. तरीही मुलींना 'हे तुमच्या हाताचं काम नाही' असं सांगितलं जातं.

आणि पिकअप? लोहचुंबकाभोवती तांब्याच्या केसासारख्या तारेचे हजारो वेढे, झालं पिकअप. वर पोलादी तार हलली की त्यात वीज उमटते, ती स्पीकरमधून आवाज होऊन बाहेर येते. पिकअप मानेकडे असेल तर आवाज गोल, घोडीकडे असेल तर टोकदार. म्हणजे आपली खुली आणि गोल जवारीच की! आता तंबोऱ्यालाही पिकअप बसवतात. पण खर्जाची तार पितळेची, तिला चुंबक ओळखत नाही. म्हणून तंबोऱ्याला लाकडाची थरथर पकडणारं, चिकटवायचं पिकअप लागतं. मांडवात कर्णे लावणाऱ्याने गिटारचं पिकअप पुढे केलं, तर मैत्रिणींनो, नाही म्हणा.

त्याच मुलाने मला मोहिनी डेचं वाजवणं ऐकवलं. मुंबईची मुलगी, 1996 चा जन्म, वडील स्वतः बेस वाजवणारे. लहानपणापासून वडिलांकडे शिकली आणि ए. आर. रहमान, झाकीर हुसेन अशा मोठमोठ्यांच्या साथीला बसली. अमेरिकेत कॅरल के नावाच्या बाईंनी 1960 च्या दशकात हजारो गाण्यांत बेस वाजवला, पण तबकड्यांवर नाव क्वचितच छापलं गेलं. खालचा सूर धरणाऱ्याचं असंच होतं. तो थांबला की सगळ्यांना काहीतरी कमी वाटतं, पण काय कमी झालं ते सांगता येत नाही. घरातली बाई चार दिवस माहेरी गेली की घराचं जे होतं, तेच.

एकीचा आवाज

आता खरा पेच सांगते. तंबोऱ्याचे ढोबळ दोन प्रकार. पुरुषी तंबोरा मोठा, साधारण पाच फुटांचा. बायकी तंबोरा त्याहून लहान आणि वरच्या पट्टीत बोलणारा. आम्ही बायका, म्हणजे बायकी तंबोरा घ्यायचा, काळी चार-पाचचा, हे निघतानाच ठरलेलं. पण आमच्यात एक आहे, वेल्ह्याकडची, तोरण्याच्या पायथ्याच्या वाडीतली. तिचा आवाज जाड, भरीव. लहानपणी शाळेत 'पुरुषी आवाज' म्हणून तिला समूहगीतातून बाजूला काढलं होतं. लग्नानंतर सासरी ती जात्यावरसुद्धा गायली नाही. मंडळात ती फक्त टाळ वाजवायची. तिला आम्ही मिरजेला नेलं ते पिशव्या सांभाळायला नव्हे, हे तिला तिथे गेल्यावर कळलं.

काळी चारच्या तंबोऱ्यावर तिला गायला लावलं तर ती दोन ओळींत थांबली. मग कारागिराने तारा उतरवत उतरवत पांढरी चारपर्यंत आणल्या. तिचा आवाज असा काही लागला की गल्लीतून जाणारा एक सायकलवाला थांबून ऐकू लागला. मला गंगूबाई हनगल आठवल्या. त्यांचाही आवाज सुरुवातीला बारीक होता, घशाच्या आजारानंतर तो जाड झाला. त्यांनी तो लपवला नाही. त्याच भरदार आवाजाने त्यांनी 2009 साली जाईपर्यंत रसिकांच्या मनावर राज्य केलं.

पण एक तंबोरा सगळ्यांना कसा पुरणार? एकच तंबोरा कितीही खाली-वर करता येत नाही. फार उतरवला तर तारा ढिल्या पडून जवारी मरते, फार चढवला तर तार तुटते. दोन-तीन पट्ट्यांची सोय होते, तीही तारांची जाडी त्या हिशोबाने निवडली तर. घरी फोन झाले. काळी पाचवाल्या दोघी नाराज झाल्या. 'एकीसाठी सगळ्यांनी खाली का यायचं?' हा प्रश्न काही खोटा नव्हता. बरीच वादावादी झाली. शेवटी असं ठरलं, की मधल्या आकाराचा, पांढरी चार ते काळी तीनला छान बोलेल असा तंबोरा घ्यायचा. ज्यांची पट्टी वरची आहे, त्यांच्यासाठी घरी पडून असलेला इलेक्ट्रॉनिक तंबोरा वापरायचा.

त्या यंत्रालाही मी नावं ठेवणार नाही. बेंगळुरूच्या राडेल कंपनीने 1979 च्या सुमाराला असा तंबोरा बाजारात आणला आणि कितीतरी घरांतल्या मुलींचा रियाझ त्यामुळे सुरू राहिला. आता तर मोबाइलमध्येही तंबोरा मिळतो. बटण फिरवलं की पट्टी बदलते. पण तो लावायला शिकावं लागत नाही, हीच त्याची सोय आणि हाच त्याचा तोटा. तारेचा तंबोरा लावताना अर्धा तास कान टवकारून बसावं लागतं. खुंटीने सूर जवळ आणायचा, मग घोडीखालच्या मण्याने केसभर सरकवायचा. त्या अर्ध्या तासात कान जो तयार होतो, तो गाण्यात उपयोगी पडतो.

घ्यायचा असेल तर

कुणाला घ्यायचाच असेल तर आमच्या अनुभवाचे चार शब्द. आधी घरीच पेटीवर प्रत्येकीची पट्टी बघा, कागदावर लिहा, मग निघा. नाहीतर दुकानात जो पुढे येईल तोच घेतला जातो. नक्षी आणि पॉलिशवर भाळू नका, भोपळ्याला आतून-बाहेरून तडा आहे का ते उजेडात बघा. चारही तारा एकेक करून छेडा, एकीचा झणकार लांबला आणि दुसरीचा लगेच विझला असं नको. खुंट्या फिरवून बघा, घसरणारी खुंटी भर कार्यक्रमात दगा देते. जवारी झिजते, तारांच्या रेघा घोडीवर उमटतात, मग ती पुन्हा घासून घ्यावी लागते. ते काम कोण करून देणार आणि किती पैसे घेणार, हे घेतानाच विचारा. प्रवास जास्त असेल तर भोपळ्याऐवजी सपाट लाकडी पेटीचा तंबोराही मिळतो. त्याचा आवाज तेवढा भरीव नसतो, पण एस.टी.च्या गर्दीत तो फुटत नाही.

आणि आपल्या भागासाठी खास सूचना पावसाची. वेल्ह्याचा पाऊस तुम्हाला सांगायला नको. भिंतींना ओल धरते, पापड सादळतात, तिथे भोपळ्याचं आणि लाकडाचं काय! खुंट्या फुगून अडकतात, जवारी बसते. म्हणून तंबोरा भिंतीला टेकवून ठेवू नका. जाड गवसणी घाला, चुलीच्या धगीपासून आणि उन्हापासूनही लांब ठेवा. आठवड्यातून दोनदा तरी काढून छेडा. आमचा तंबोरा पावसाळ्यात पाळीपाळीने ज्यांच्या घरी माळा कोरडा आहे त्यांच्याकडे असतो. त्यामुळे कोरड्या माळ्यावाल्यांचा मान एकदम वाढलाय.

या वर्षी मेंगाईच्या देवळात आमचं भजन झालं. पेटीवाले दादा सवयीने काळी एक धरू लागले. त्यांना आमच्यातल्या टाळवाल्या बाईने नम्रपणे सांगितलं, 'दादा, आमची पांढरी चार आहे. तंबोरा लावलाय, त्यात मिळवून घ्या.' दादांनी एकदा तंबोऱ्याकडे पाहिलं, एकदा तिच्याकडे, आणि मुकाट्याने बोटं सरकवली. मग पहिला अभंग तिनेच उचलला.